अरिष्ट टळलं

१ मे, सोमवार

आज शंतनूचं तेरावं झालं. गुरुजी आठला आले. जेवायला माणसं बरीच होती. गच्चीवर कापड बांधलं होतं, पण वारा नव्हता. भाड्यानं आणलेल्या दोन कुलरपैकी एक बंद पडला. चारपर्यंत सगळे गेले. अनसूया आत जाऊन पडली. मी खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या.

ही डायरी त्याचीच. कंपनीकडून मिळालेली. एक पान लिहिलं नव्हतं त्यानं.

साडेअकराच्या सुमारास मेहुणे कानाशी येऊन म्हणाले — मधुसूदनराव, कोपऱ्यावर वसंत धारूरकर उभे आहेत. मी उठलो नाही. माणसं बघत होती. थोड्या वेळानं मेहुण्यांनी सांगितलं, गेले.

दहाव्याचं लिहायचं राहिलं. कायगावला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. झाडावर बसलेले होते, खाली येत नव्हते. माझ्या भावानं सांगून पाहिलं — आईवडिलांकडं आम्ही बघू, गाडीचे हप्ते आम्ही फेडू. काही नाही. मग अनसूया पुढं गेली. बायका येत नाहीत घाटावर, पण ती हट्टानं आली होती. हात जोडून काहीतरी पुटपुटली. ऐकू आलं नाही. ती मागं वळायच्या आत कावळा उतरला.

काय बोललीस विचारलं. काही नाही म्हणाली.

३ मे, बुधवार

आज नळाचा दिवस. आठवड्यानं पाणी आलं. मोटार लावायची, पाइप गच्चीवर न्यायचा, ही कामं शंतनूची. मला पाइपची जोडणी जमेना. अर्धं पाणी अंगणात गेलं.

पोलिसांकडून त्याचं सामान मिळालं. घड्याळ, पाकीट, मोबाइल. मोबाइलची काच पार गेलेली. चालू होत नाही.

हेल्मेट त्यात नव्हतं. हवालदार म्हणाले, डोक्यावर नव्हतंच साहेब, असतं तर कदाचित... कंपनीतून निरोप आला, हेल्मेट लॉकरमध्ये आहे, घेऊन जा.

हेच कळत नाही. गल्लीतल्या दुकानापर्यंत जातानाही हेल्मेट घालणारा मुलगा. मी हसायचो त्याला. त्याची ड्यूटी साडेतीनपर्यंत. आणि हा भर दुपारी एकला, हेल्मेट न घालता, करमाडच्या अलीकडे, शहराकडे तोंड करून. कुठं निघाला होता?

सगळे म्हणतात, वेळ आली होती. मला ते पुरत नाही.

४ मे, गुरुवार

अनसूयेनं स्वतःचा मोबाइल बंद करून देवघराच्या खणात ठेवलाय. तिच्या माहेरचे फोन मलाच घ्यावे लागतात.

७ मे, रविवार

इंद्रजीत आला होता. शंतनूबरोबर एकाच लाइनवर काम करतो. फुलंब्रीचा. आईनं दिलेल्या शेवग्याच्या शेंगा घेऊन आला. आत यायला संकोचत होता, अंगणातच बूट काढून उभा. अनसूया झोपली होती. आम्ही ओट्यावर बसलो.

मी सरळ विचारलं, त्या दिवशी तो का निघाला?

त्यानं वाकून बूट जोडीनं लावले. मग म्हणाला, काका, तुम्हाला ठाऊक असंल असं वाटलं होतं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बसले होते. घरून फोन आला. ताट तसंच ठेवून शंतनू उठला. बाहेर जाऊन आणखी एक नंबर लावत होता, लागत नव्हता. इंद्रजीत मागं गेला तर एवढंच म्हणाला —

"इंद्र्या, सई गेली."

आणि गाडी काढली. हा ओरडला हेल्मेट घे म्हणून. त्यानं ऐकलं नाही.

मी विचारलं, कोण सई?

"धारूरकरांची, काका. छावणीतल्या."

पुढचं त्यानं मान खाली घालूनच सांगितलं. दोन वर्षं झाली होती. नोंदणीची नोटीस दिली होती. पंचवीस एप्रिलची तारीख मिळाली होती. साक्षीदार म्हणून इंद्रजीत सही करणार होता. नवा शर्ट शिवून ठेवलाय म्हणाला. मग रडला. मला रडू आलं नाही. मी त्याच्या पाठीवर हातही ठेवला नाही. ठेवायला हवा होता.

जाताना विचारलं, ओळख कुठं झाली यांची?

"सुरेखामावशींच्या घरच्या लग्नात. तुम्ही त्याला पंगतीतून उठवलं ना, ती मठ्ठा वाढत होती तेव्हा? त्याला लई वाईट वाटलं. माफी मागायला गेला मागं."

८ मे, सोमवार

ते लग्न आठवतंय. मी त्याच्या ताटावर हात आडवा धरला होता आणि म्हणालो होतो, ऊठ. तो उठला. मुलगी मठ्ठ्याचा जग घेऊन तशीच उभी.

इथं लिहून ठेवतो. धारूरकर आणि आम्ही पुराणिक फुलंब्रीकडच्या एकाच गावचे. देवीची पूजा एक वर्ष त्यांच्याकडं, एक वर्ष आमच्याकडं. माझ्या आजोबांच्या वेळी पाळी बदलताना देवीचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला. ते म्हणाले तुम्ही ठेवून घेतला. आम्ही म्हणालो तुम्ही दिलाच नाही. तेव्हापासून एकमेकांच्या घरचं पाणी बंद. आता दोन्ही घरं शहरात आली, पूजेला पगारी माणूस ठेवलाय, पण दावा चालू आहे. वडिलांनंतर तारखांना मीच जातो. पाटबंधारे खात्यात असताना रजा टाकून जायचो.

शंतनू म्हणायचा — बाबा, उद्या तो मुखवटा सापडला तर तुमचं आणि धारूरकर काकांचं कसं व्हायचं हो? दोघंही रिकामे व्हाल!

मी म्हणायचो, त्याला काका म्हणू नकोस.

१० मे, बुधवार

काल दिवसभर एकच डोक्यात होतं. त्यांचीही मुलगी गेली. त्याच दिवशी. आणि तरी वसंत धारूरकर तेराव्याला येऊन उभा राहिला. मी उठलो नाही.

आज छावणीत गेलो. बाजारातून मागच्या रस्त्यानं त्यांच्या घरासमोर आलो. आत जायचं की नाही ठरत नव्हतं. समोरच्या रसवंतीत बसलो.

फाटक उघडून एक मुलगी कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आली. पंगतीत मठ्ठा वाढणारी तीच. बारीक झालेली. कचऱ्याच्या गाडीत बादली रिकामी केली. माझ्याकडं बघितलं. बघतच राहिली. मग आतून कोणीतरी हाक मारली — सई! — आणि ती गेली.

जिवंत आहे.

रस तसाच ठेवून निघालो.

११ मे, गुरुवार

मग घरून फोन कोणाचा? मी त्या दुपारी दाढेसाठी दवाखान्यात होतो. घरी अनसूया एकटी.

रोज जेवणाच्या सुट्टीत तीच फोन करायची त्याला. जेवलास का, भाजी खारट तर नाही ना, एवढंच.

विचारू कसं? ती कालपासून जेवली नाही.

१४ मे, रविवार

सुरेखा आली. अनसूयेची मावसबहीण. तिच्या सासरचं धारूरकरांशी नातं आहे, त्यामुळं तिला दोन्हीकडं जावं लागतं. दोन्हीकडं ती तोंड सांभाळून बोलते. आज बोलली ते काही वेगळं आहे असं तिला वाटलंच नसावं.

अनसूया आंघोळीला गेली होती. सुरेखा आंबे पिशवीतून काढून ठेवत होती. म्हणाली, कावळ्यांचा सुळसुळाट झालाय यंदा, तुमच्या गच्चीवर काही वाळत घालत असाल तर डोकं सांभाळा. धारूरकरांच्या गच्चीशेजारच्या कडुनिंबावर घरटं आहे. सई कुरडया राखत बसली होती, तर कावळा येऊन डोक्याला शिवला. चांगली नखं लागली.

मी विचारलं, कधी?

तिनं हातातला आंबा खाली ठेवला. मग म्हणाली — त्याच दिवशी हो. तुमच्यावर डोंगर कोसळला त्याच दिवशी.

आणि सांगत गेली. धारूरकरांकडं गोदूआत्या आहेत, वसंतरावांच्या. जुन्या वळणाच्या. डोक्याला कावळा शिवला म्हणजे मरण येतं, ते चुकवायचं तर माणूस गेल्याची खोटी बातमी सोयऱ्यांना द्यायची. कोणीतरी खरं समजून रडलं की अरिष्ट टळतं. मग खरं सांगून टाकायचं. मला हे नवं नव्हतं, लहानपणी आमच्याही घरी पाहिलंय. माझ्या मोठ्या काकांसाठी माझी आजी अशीच रडली होती, आणि नंतर पत्र आल्यावर हसली होती.

वसंतराव नको म्हणत होते म्हणे. आत्या अडून बसल्या. स्वतःच सुरेखाच्या घरी फोन केला — आमची सई गेली गं. मेलेल्या माणसाचा फोन लागला तर कसं चालेल, म्हणून सईचा मोबाइल काढून घेऊन बंद केला. तिला देवघरात बसवलं.

सुरेखा रडली. रडता रडता तिनं अनसूयेला फोन केला.

"वैर आपल्या जागी भावोजी, पण पोरगीच ना ती. सांगितल्याशिवाय राहवेना. तरी अर्ध्या तासात तिकडून परत फोन आला, टळलं म्हणून. मी लगेच हिला कळवलं, खोटं होतं बाई. ही काही बोललीच नाही. फोनच ठेवला."

मी विचारलं, गोदूआत्या काय म्हणाल्या मग?

"म्हणाल्या, अरिष्ट टळलं."

अनसूया केस पुसत बाहेर आली. सुरेखानं तिच्यासाठी आंबा चिरायला घेतला.

१५ मे, सोमवार

अनसूयेला त्या दोघांचं काहीच माहीत नव्हतं. एका मुलीसाठी वाईट वाटलं म्हणून तिनं मुलाला सांगितलं. धारूरकरांची मुलगी, म्हणून मनात काही न धरता. मी तिच्या जागी असतो तर सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. आणि मग तो साडेतीनला घरी आला असता.

हे तिला कधीही कळता कामा नये. मी मरेपर्यंत नाही.

१९ मे, शुक्रवार

महिना झाला. करमाडपर्यंत बसनं जाऊन आलो. जागा दाखवणारं काही नाही. रस्ता दुभाजकाला रंग दिलाय.

२१ मे, रविवार

इंद्रजीत पुन्हा आला. सई विचारते, एकदा घरी येऊ का? तिच्या घरी कोणाला काही माहीत नाही. तेरा दिवस तिनं सगळ्यांसमोर जेवून घेतलं. कोणासमोर डोळे पुसायची सोय नाही. सोळा सोमवारचा उपास धरलाय असं सांगून सोमवारी तेवढी उपाशी राहते.

मी नको म्हणालो.

तो म्हणाला, काका, ती फक्त त्याची खोली बघून जाईल.

मी म्हणालो, अनसूया आहे घरात. धारूरकरांची मुलगी दारात बघून ती विचारेल का आली. मग एकाला दुसरं लागून सगळं निघेल. तो घरचा फोन निघेल. तुला कळतंय का मी काय म्हणतोय?

त्याला कळलं. फाटकाशी जाऊन परत आला.

"आणि सई? तिला बी सांगायचं नाही का, तो कुठं निघाला होता?"

काय सांगायचं? तुझं टाळलेलं त्याच्यावर गेलं, असं?

२४ मे, बुधवार

पाणी आलं. पाइपची जोडणी जमली. अनसूया पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, डावीकडं फिरवा, तो तसंच करायचा. महिनाभरात तिनं त्याच्याबद्दल काढलेला पहिला शब्द.

मग एकदम म्हणाली — त्याच्या मित्रमैत्रिणी कोणी येत नाहीत आता. यायला पाहिजेत.

इंद्रजीतला फोन केला. रविवारी आण म्हणालो. पण धारूरकर म्हणून नाही. कंपनीतली मुलगी. नाव सावनी. तिला नीट समजावून सांग, चुकायचं नाही.

खोटं बोलायला मला जमत नाही. तीन दिवस पाठ करतोय.

२८ मे, रविवार

आले. दुपारी चारला. तिनं आकाशी पंजाबी ड्रेस घातला होता. दारात चप्पल काढताना हात भिंतीला टेकवला. पुराणिकांच्या घरात धारूरकरांचं माणूस. आजोबांनी काय केलं असतं कोण जाणे. मला काही वाटलं नाही. नुसती एक थकलेली मुलगी दिसली.

अनसूया बाहेर आली. मी म्हणालो, ही सावनी. शंतनूच्या कंपनीतली. अनसूयेनं तिच्याकडं बघितलं. ये, म्हणाली. काही विचारलं नाही. आडनाव नाही, गाव नाही. ती असं कधी सोडत नाही कोणाला.

इंद्रजीत खूप बोलला. कंपनीतल्या गोष्टी. शंतनू सुपरवायझरची नक्कल कशी करायचा ते उठून करून दाखवलं. अनसूया हसली. मुलगीही हसली, आणि मग दोघी थांबल्या.

तो खोली दाखवायला तिला घेऊन गेला. ती आत थोडाच वेळ होती. बाहेर आली ती सरळ, डोळे कोरडे.

मी ठरवलेलं बोललो. कोणी न विचारताच. म्हणालो, त्या दिवशी तो कंपनीच्या कामानं शहरात येत होता. साहेबांनीच पाठवलं होतं.

"हो काका," ती म्हणाली.

अनसूया खिडकीबाहेर बघत होती. हो, तीही म्हणाली. कामानंच.

बरं वाटलं. दोघींनाही पटलं.

माझा घसा कोरडा पडला होता. खोकला आला. अनसूया उठायला लागली तर मुलगी म्हणाली, बसा, मी आणते. आत जाऊन दोन पेले भरून घेऊन आली. एक मला दिला. दुसरा स्वतः प्यायली. त्यावर शंतनूचं नाव कोरलेलं होतं, बारशाचा पेला. हाताला लागला असेल.

तिच्या हातचं पाणी मी प्यायलो.

निघताना अनसूयेनं तिला आंबे दिले. सोमवारी खा, म्हणाली.

२९ मे, सोमवार

अनसूयेनं सकाळी देवघराच्या खणातून मोबाइल काढून चार्जिंगला लावला. दुपारी साडी बदलून बाहेर गेली. कुठं ते मी विचारलं नाही.

दोनला तहान लागली. स्वयंपाकघरात गेलो. पेला सापडेना. फिल्टरवर नाही, मांडणीत नाही, ओट्याखाली नाही. इतकी वर्षं पाणी हातात मिळत आलंय. शेवटी कोपऱ्यातल्या कपाटात, वरच्या खणात, डाळींच्या डब्यांच्या मागं पेले सापडले. शंतनूचा सगळ्यात आत.

सई काल आत गेली आणि लगेच पेले घेऊन बाहेर आली होती.

आज सोमवार. उपासाचं तर मी अनसूयेला कधी सांगितलं नव्हतं; ते सुरेखानं सांगितलं असेल, पण सावनी म्हणजेच सई हे तिनं कसं ओळखलं?

सई माझ्या कोर्टाच्या तारखांना इथं येत असेल. मी नसताना. म्हणजे अनसूयेला सगळं ठाऊक होतं, पहिल्यापासून. त्याला कळायलाच हवं, म्हणून तिनं फोन केला. खोटं आहे कळल्यावर पुन्हा पुन्हा केला असेल. तो गाडीवर होता. घाटावर कोणाकडं बघीन म्हणून पुटपुटली तेही आता कळतं.

या घरात फक्त मला माहीत नव्हतं. फक्त माझ्यापासून लपवायचं होतं.

पाणी प्यायलो. पेला घासला, पुसला. डब्यांच्या मागं, होता तिथंच ठेवला.